बालाघाट माठावर, उमरेड कपाळावर

"अवं बाई, माठ काहून हलवला?"

रुखमाबाईनं कमरेवर हात ठेवून भावाकडे पाहिलं. दारातून ऊन येतं, पाणी तापतं, म्हणून तिनं माठ मागच्या भिंतीशी सरकवला होता. त्यात एवढं कासावीस होण्यासारखं काय? पण नत्थूजी घरभर येरझारा घालत होता, कोणी त्याचं घरच उचलून नेल्यासारखा.

"बालाघाट हाये त्याच्यावर," तो म्हणाला. "पूरी लाइन हाये. आता मी कुठी शोधू?"

बिचारी रुखमाबाई! भावाची बायको मनकर्णा गेल्या उन्हाळ्यात तापानं गेली, म्हणून ही मौद्याहून त्याचं घर सांभाळायला नागपूरला हंसापुरीत आली. आणि पाहते तर काय, भाऊ फळीला गोंदिया म्हणतो, उंबरठ्याला वर्धा. चुलीपुढं उभा राहून चांदा, वरोरा, भद्रावती असं पुटपुटतो. डोकं फिरलेल्याला उतारा कोण देतं इथं, असं तिनं शेजारच्या देवकीला हळूच विचारूनही ठेवलं होतं.

डोकं ठिकाणावर होतं हो त्याचं. ठिकाणावर नव्हती ती कंबर. नागपूर स्टेशनावर टपालाच्या थैल्या वाहून वाहून ती पार कामातून गेली होती. थैलीपासून सुटका हवी तर पत्रं खणाखणांत लावणारा सॉर्टर व्हायला हवं, आणि सॉर्टर व्हायचं तर परीक्षा. हातात गावांच्या नावांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा, समोर लाकडी खणांची मांडणी, शेजारी घड्याळ घेऊन साहेब. कोणतं गाव कोणत्या रेल्वे लाइनीच्या खणात, हे आठवायला थांबलात की मेलात. आणि गावं तरी थोडीथोडकी? मध्यप्रांत आणि वऱ्हाड मिळून झाडून सगळी टपालघरं! नत्थूजी दोनदा आपटला होता. आता ही शेवटची खेप. यंदा नाही जमलं तर नोकरी सोडून बसायचं, कारण थैली आताशा उचलतच नव्हती.

युक्ती दिली ती हेडसॉर्टर मधुकररावांनी. घोकू नकोस, म्हणाले, घोकलेलं साहेबाला पाहिलं की पळतं. आपल्या घराची एकेक वस्तू घे आणि तिच्यावर एकेक लाइन बसव. परीक्षेत डोळे मिटून घरातून फिरून ये, गावं आपली जागच्या जागी बसलेली दिसतील. नत्थूजीला आधी हसू आलं होतं. पण खुंटीवर काटोल टांगलं ते टांगलंच राहिलं, कंदिलावर रामटेक बसलं ते हललं नाही, तसा तो पिसाटल्यासारखा घर भरत सुटला. जेवता जेवता उठायचा, फळीला हात लावून यायचा. बसवत नव्हतं त्याला कुठं.

सगळं घर भरलं, आणि उमरेडची लाइन राहिली. उमरेड, कुही, भिवापूर, थेट नागभीडपर्यंत. दोन्ही वेळा घात केला होता तो हिनंच. घरात जागा म्हणाल तर एकच उरली होती, जात्याजवळचा कोपरा. त्या कोपऱ्यात मनकर्णा दळायला बसायची. तिथं काहीही ठेवायला नत्थूजीचं मन धजेना.

परीक्षा दोन दिवसांवर आली तेव्हा मधुकररावांनी विचारलं, उमरेड कुठं बसवलं म्हणून. नत्थूजीनं मान खाली घालून खरं ते सांगितलं.

"मंग जात्यावर नोको ठेवू," मधुकरराव म्हणाले. "तिच्यावरच ठेव. वस्तू बाईनं हलवली का हलते. गेलेलं माणूस कोणाच्यानं हलत नाही गा."

त्या संध्याकाळी नत्थूजी जात्यापुढं मांडी घालून बसला. पहिल्यांदाच नीट बसला. मनकर्णेच्या कपाळावरच्या गोंदणावर त्यानं उमरेड ठेवलं. नाकातल्या खड्यावर कुही. चोळीच्या खांद्याला तिनं स्वतःच लावलेलं ठिगळ होतं, तिथं भिवापूर. खुंटा धरून धरून वाकडी झालेली करंगळी, तिच्यावर नागभीड. मधली बारकी गावं बांगड्यांवर ओवली. शेवटी सालेपार उरलं, जंगलातलं एवढंसं गाव, वर्षात कधी पत्र गेलं तर गेलं. ते त्यानं तिच्या डाव्या कानामागच्या तिळावर ठेवलं. तो तीळ त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हता. मग तो रडला. रुखमाबाईनं चुलीकडून पाहिलं, आणि उतारा नको आता, हे तिचं तिलाच कळलं.

नत्थूजी पास झाला. उमरेडच्या लाइनीत एक चिठ्ठी चुकली नाही. घरी पेढे आले, माठ दारामागं परत गेला, आणि थैल्या वाहणारा नत्थूजी खणांपुढं ताठ उभा राहू लागला.

पहिले महिने काय सुखाचे गेले म्हणून सांगू! उमरेडचं पत्र हाती आलं की कपाळ दिसायचं, नागभीडचं आलं की करंगळी. दिवसातून कितीदा तरी ती यायची. बाकीचे सॉर्टर चिडवायचे, नत्थूजीची गाडी उमरेडवर लई वेळ थांबते म्हणून. तो हसून घ्यायचा.

मग हात बसला. त्यात वाईट ते काय, कुणी म्हणेल. पत्र हाती येतं न येतं तोच खणात गेलेलं असायचं. मधुकरराव खूश होते. आणि एका संध्याकाळी घरी जाताना, संत्रा मार्केटच्या कोपऱ्यावर नत्थूजी थबकला. नागभीडची अख्खी थैली आज आपण भरली, आणि मनकर्णा आली नाही. काल आली होती का? परवा? दुसऱ्या दिवशी त्यानं मुद्दाम हळू काम करून पाहिलं. हात ऐकेना. घरी जात्यापुढं बसून गोंदण आठवू गेला तर उमरेड, उमरेड एवढंच जिभेवर येई, कपाळ काही येईना. पुन्हा त्याला बसवेनासं झालं. फेऱ्या सुरू झाल्या.

अशात दिवाळीचं टपाल आलं. पत्रांचा नुसता खच. नत्थूजीचा हात यंत्रासारखा चालला होता, आणि मध्येच तो हवेतच राहिला. हातात एक मळकं कार्ड होतं. सालेपार.

कुठं जातं हे? हाताला ठाऊक नव्हतं. नत्थूजीनं डोळे मिटले. जात्याचा कोपरा दिसला, बांगड्या दिसल्या, ठिगळ दिसलं. मनकर्णेनं मान वळवली, पदर जरासा सरला, आणि कानामागचा तीळ दिसला. कपाळही दिसलं, गोंदणासकट.

"काय गा, रस्ता भुलला का?" मधुकररावांनी पलीकडून विचारलं. "गाडीचा टाइम होऊन राहिला."

"नाही जी," नत्थूजी डोळे न उघडता म्हणाला. "सापडला. थोडासा थांबून राहिलो."

त्यानं ते कार्ड डाव्या हातात तसंच धरून ठेवलं आणि उजव्या हातानं बाकीचा ढीग संपवला. थैलीचं तोंड बांधायला माणूस आला, तेव्हा कुठं त्यानं ते आत टाकलं.