विरघळलेला स्क्रू

एक्स-रे पाहून डॉक्टर हिमांशू खूश झाले. सारजाबाईंच्या मोडलेल्या घोट्यात त्यांनी बसवलेला मॅग्नेशियमचा स्क्रू अंगातच हळूहळू गंजून विरघळला होता. हाड पक्कं जुळलं होतं, सूज नाही की दुखणं नाही.

"आजी, स्क्रू गेला!"

खुलताबादहून आलेल्या सारजाबाई दचकल्या. "मंग काढायचं ऑपरेशन?"

"नाहीच करायचं. तो आपोआप विरतो."

"आमच्या गल्लीत तर समद्यांना काढावा लागला. म्हणून मी नातवाचं लगीन लांबवलं. ऑपरेशनात मी गेले तर ऐन लग्नात सुतक नको. पोरीकडचे किती थांबतील? दिली त्यांनी दुसरीकडं."

हिमांशूंचे कान तापले. या स्क्रूवर त्यांनी परिषदा गाजवल्या होत्या. सारजाबाईंच्या खाटेपाशी उभं राहूनही विद्यार्थ्यांना सगळं इंग्रजीत समजावलं होतं.

"आजी, तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं," ते खालमानेनं म्हणाले.

सारजाबाईंनी भद्रा मारुतीचा पेढा त्यांच्या हातावर ठेवला. "आसू द्या. पाय तर बरा केला तुमी."

दारापाशी जाऊन त्या वळल्या.

"पहिल्याच दिवशी ठाऊक व्हतं व्हय तुमाला?"