मज्जेची पुडी

"धाकटीकडे लक्ष ठेव. ती तोंडानं सांगणार नाही, तूच ओळख," सासूबाई देवाघरी जाताना बोलल्या होत्या.

म्हणून भस्म वाटणाऱ्या महाराजांच्या त्या खचाखच भरलेल्या सभागृहात मीही उभी होते. मंचावर माझी धाकटी जाऊ. महिन्यापूर्वी सुजलेल्या बोटांनी तिला कपही उचलवत नव्हता, रक्त पार उतरलेलं. आज ती टाळ्या वाजवत होती आणि लोक डोळे पुसत होते.

"डॉक्टर म्हणे, हिची मज्जा मंदावलीय!" महाराज गरजले. "अरे, आयुष्यात मज्जाच नसेल तर रक्त बनेल कसं? माझं भस्म मज्जा आणतं!"

हशा पिकला. हाडांच्या पोकळीत रक्त बनवणारी मज्जा असते, हे त्या भामट्याच्या गावीही नव्हतं.

माझा नित्यनेम चुकत नाही, म्हणूनच संताप आला. देवाच्या नावावर दुकान! घरी चिमूटभर भस्म जिभेवर ठेवलं. कडूजहर. राख कधी अशी लागते?

"चेहऱ्यावर तेज आलंय ना, ताई?" जाऊ म्हणाली.

"तेज कसलं? फुगलाय तो. चल डॉक्टरीणबाईंकडे."

बाईंनी पुडी तपासून घेतली. "स्टेरॉईडच्या, म्हणजे सूज दाबणाऱ्या गोळ्या कुटून राखेत कालवल्यात."

"पण रक्त वाढलं ना?" जावेनं विचारलं.

"सांधे सुजले की अंगभर सुजेचे निरोप फिरतात. ते लोह कोंडून ठेवतात, मज्जेला बजावतात, 'लाल पेशी पुरे, पांढऱ्या बनव.' गोळीनं निरोप दबले, मज्जा कामाला लागली. पण मापाविना घेतल्यानं साखर चढलीय, हाडं ठिसूळ होतील."

"फेकते मेली पुडी!" मी उसळले.

"गोळी एकदम बंद केलीत तर जिवावर बेतेल. रोज सकाळी या, मोजून कमी करू. सुजेवर योग्य औषधही देते."

जावेनं माझा हात धरला. "ताई, एकटीला नाही जमायचं."

"मी येईन. रोज."

पुढच्या सभेत डॉक्टरीणबाईंनी भस्मातली गोळी सगळ्यांना सांगितली. "नास्तिक!" महाराज ओरडले.

मी हळूच उठले. "मी रोज पूजा करते, महाराज. मज्जा कुठं असते, तेवढं सांगा."

त्यांनी छातीवर हात ठेवला. "इथं. मनात!"

सभागृह पुन्हा हसलं, पण या वेळी त्यांना. म्हणून सांगते, बायांनो, हात देवाला जोडा. पुडी मात्र तपासून घ्या. आपल्या बुद्धीला कुलूप लावा, असं कुठला देव सांगतो?

दुसऱ्या दिवशी पहाटेही जपाच्या वेळी मी दिवा लावला, माळ पिशवीत टाकली आणि चपला हातात घेऊन, कुणाची झोप न मोडता, जावेला दवाखान्यात न्यायला तिच्या खोलीकडे निघाले.