डावीकडची अर्धी भाकरी

त्र्याहत्तर सालच्या दुष्काळात भूमजवळ पाझर तलावाच्या कामावर सुरुंगाचा दगड उडाला आणि माझ्या नवऱ्याच्या उजव्या कानशिलावर बसला. सोलापूरच्या दवाखान्यात दीड महिना काढून ते घरी आले. डोळे शाबूत आहेत, डोक्यातली जखम भरायला वेळ लागेल, एवढंच डॉक्टरांनी माझ्या दिराला सांगितलं होतं.

घरी आल्यापासून ते डाव्या अंगाने धडकायचे. कधी दाराच्या चौकटीला, कधी रांजणाला. सासूबाई ओरडायच्या, "बब्रुवान, ध्यान कुठं हाय तुझं?" दाढी करायचे तीही उजव्या गालाचीच. मी हसायची. अर्धाच नवरा परत आला म्हणायची. जीभ झडली नाही माझी.

पण खरं सांगते, ते दिवस मला सुखाचे गेले. आमच्यात नवऱ्याच्या उष्ट्या ताटात बायको जेवते. बारा वर्षं मला त्या ताटात कालवणाचे डाग तेवढे मिळाले. तुकडा मागे ठेवील असा हा माणूसच नव्हता. आणि आता, सोसायटीच्या दुकानातली लाल मिलो, ती परदेशी ज्वारीसुद्धा पुरत नव्हती तेव्हा, ते रोज अर्धी भाकरी ठेवून उठायला लागले. शेजारच्या कडूबाईला मी मिरवून सांगितलं, "दगड लागला अन् मानसाला माया फुटली बघ."

ते वाळत चालले होते. दुखण्याने असेल, असं मी धरून चालले. एकदा म्हणाले, "भाकरी बारकी करतीस का गं हल्ली?" अर्धी ठेवून उठणारा माणूस हे विचारतो, मला थट्टाच वाटली.

वैशाखातल्या एका दुपारी ताटाखाली कालवण सांडलं. पुसायला म्हणून मी ताट फिरवलं आणि डावीकडची अर्धी भाकरी उजवीकडे आली. ते एकदम ताटावर वाकले.

"अजून दिलीस व्हय?" म्हणाले, आणि दोन-चार घासांत ती संपवली.

मी माझा हात त्यांच्या डाव्या बाजूला नेला. बोटं हलवली. "दिसतंय का?"

"काय?"

डावीकडचं काही त्यांच्या ध्यानातच येत नव्हतं. रोज डावीकडची भाकरी तशीच राहते आणि ती मी खाते, हे सगळं मी सांगितलं. त्यांनी डावा हात ताटावर फिरवून पाहिला. मग म्हणाले, "मला वाटलं, कामाला जाईना म्हनून अर्धीच देतीस. घरात दाना न्हाय, तुझं बराबरच हाय. म्हनून बोललो न्हाय."

दोन महिने मी एका उपाशी माणसाची भाकरी खात होते, आणि तिलाच माया म्हणत होते. कडूबाईला मी ते अजून सांगितलेलं नाही. लाज वाटते.

आता ताटाच्या डाव्या कडेला मी सुकी मिरची ठेवते. ती हाताला लागेपर्यंत चाचपायचं, असं त्यांना शिकवलंय. ते चाचपतात, कधी सांडतात, चिडतात, पण सगळी भाकरी खातात. मला बरं वाटतं. मग त्याच ताटात मी माझी भाकरी घेते. घेण्याआधी हात डावीकडे जातोच, काही ठेवलंय का बघायला. मिरची तेवढी असते.