दीड फुटाच्या वर

जरा थांबा, स्टिका खाली ठेवा. एरवी चेंडू लागल्याशिवाय माझ्या तोंडून आवाज निघत नाही, पण आज कुणी न मारताच मी बोलणार आहे.

मी अंबरनाथच्या एका कॉलेजच्या हॉकी मैदानावरची गोलची फळी. गोलचे खांब सगळ्यांना दिसतात, जाळीही दिसते. जाळीच्या तळाशी आडवी उभी असलेली काळी फळी मात्र कुणाच्या खिजगणतीत नसते. उंची म्हणाल तर जेमतेम दीड फूट. पण चेंडू आत गेला हे साऱ्या मैदानाला आधी कोण सांगतं? मीच. ठक्क! मग अंपायरची शिट्टी, आणि त्यानंतर तुमच्या टाळ्या.

माझा जन्म एका खोक्यात झाला. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात परदेशातून मशीन आलं होतं, त्याच्या खोक्याचं मी लाकूड. मशीन बाहेर निघालं आणि मी भंगाराच्या ढिगावर पडले. तिथून मला उचललं भीमराव सरांनी. ते त्या कारखान्यात फिटर होते आणि कंपनीच्या हॉकी टीममध्ये खेळायचे. आण्णा सुताराने मला कापून, जोडून, काळा रंग दिला. माझ्या पाठीवर 'ही बाजू वर' असं सांगणारा एक बाण आहे. आण्णाने मला आडवं ठोकलं, तेव्हापासून तो बाण वर न बघता बदलापूरकडे बघतो. समोरच्या गोलमध्ये माझी धाकटी बहीण आहे, त्याच खोक्यातली. आमची भेट कधी होत नाही, फक्त एकमेकींचा आवाज ऐकू येतो.

त्याच वर्षी कॉलेजात मुलींची हॉकी टीम सुरू झाली होती. ती उभी केली द्रौपदी मॅडमनी. त्या कॉलेजच्या क्रीडाशिक्षिका. साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट घालायच्या आणि मैदानभर पळायच्या. मुली काही आपोआप येत नसत. मॅडम चामटोलीत, बेलवलीत, उल्हासनगरच्या कॅम्पात घरोघर जायच्या, ओट्यावर बसायच्या, चहा प्यायच्या आणि म्हणायच्या, "पोरगी माझ्या जबाबदारीवर पाठवा. खेळून घरी सोडेपर्यंत ती माझी." आणि खरंच सोडायच्या. भीमराव सर टीमचे कोच; ते शिकवायचे, मॅडम सांभाळायच्या. दोघांचं कधी वाजलं नाही असं मी म्हणणार नाही, पण पोरींसमोर कधी वाजलं नाही.

सरांची शिकवायची एक तऱ्हा होती. संध्याकाळी पाळी संपवून ते यायचे, बादली पालथी घालून माझ्यामागे बसायचे, आणि तेही गोलकडे पाठ करून! पोरी फटके मारायच्या आणि सर नुसते ऐकायचे. "डावीकडे लागला. हां, हा बरोबर कोपऱ्यात. हा कोणी मारला? मनगट ढिलं आहे." कधी चुकायचे नाहीत. कुणी विचारलं की म्हणायचे, "डोळे फसवतात बाळा, फळी फसवत नाही." हे ऐकलं की माझी छाती फुगायची. पावसात फळी फुगते म्हणतात, ते वेगळं.

आणि त्यांचा नियम होता: सरावात फळी वाजली नाही तर गोल नाही. चेंडू वरून जाळीत गेला तर सर म्हणायचे, "मी काही ऐकलं नाही." झालं. शून्य.

सुरुवातीला या नियमाचं सोनं झालं. आमच्या मुलींचे फटके जमिनीला चिकटून सरपटत यायचे. कप आले, कॉलेजच्या गेटावर फलक लागले, एकदा तर माझ्या अंगावर गुलाल पडला. मग हळूहळू दिवस फिरले. दुसऱ्या कॉलेजांच्या मुली चेंडू उचलून वर मारू लागल्या. आमच्या मात्र खालीच. समोरची गोलकीपर काय करणार? पॅड आडवे टाकून जमिनीवर झोपायची, की संपला आमचा खेळ. जिल्ह्यात चेष्टा व्हायची. "अंबरनाथची टीम आहे का? मग झोपून घ्या." लागोपाठ हरत गेलो. समोरच्या टीमचे चेंडू माझ्यावर आपटायचे, आणि हरताना सगळ्यात जास्त ओरडायची वेळ माझ्यावरच यायची.

दोन हजार सहा साली पाणी डोक्यावरून गेलं. संस्थेचे सेक्रेटरी नरेंद्रभाऊ स्वतः मैदानावर आले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना सगळं चटकन हवं असायचं. त्यांनी टीमच्या कॅप्टनला, संध्याला, माझ्याजवळच बोलावून घेतलं.

"हे बघ बेटा, भीमराव, द्रौपदीबाई, देवमाणसं आहेत. पण रिझल्ट कुठे आहे? मुंबईचा एक तरुण कोच मी बघून ठेवलाय. विभागीय मॅचेस आपल्याच ग्राउंडवर आहेत. त्या झाल्या की मीटिंग आहे. त्यात तू फक्त एवढं बोल, मुलींना नवे कोच हवेत. बाकी आम्ही बघतो."

 संध्या चामटोलीची, शेतकऱ्याची पोर. तिला खेळू द्यावं म्हणून मॅडम तिच्या घरी किती वेळा गेल्या होत्या, ते गावाला माहीत होतं. आणि तिचं हे शेवटचं वर्ष. एकदा तरी जिंकावं, एवढंच तिच्या मनात होतं.

नरेंद्रभाऊ गेल्यावर ती माझ्यावर बसली. गोलकीपर प्रीती, उल्हासनगर चार नंबर कॅम्पातली सिंधी मुलगी, पॅड सोडत म्हणाली, "बोल दे ना यार. खोटं काय आहे त्याच्यात? ते सगळे ऊपर मारतात, आपणच नीचे नीचे."

"खोटं नाही गं," संध्या म्हणाली. "पण सरांच्या पाठीमागे कसं बोलू?"

"सर तर स्वतःच पाठ करून बसतात."

दोघी हसल्या, पण संध्याला रडू येत होतं. मला कळलं, कारण तिने बुटाच्या टाचेने मला तीन-चार लाथा घातल्या. पोरींचं रडणं मला असंच कळतं.

दुसऱ्या दिवशी सराव संपल्यावर ती सरांच्या बादलीसमोर जाऊन उभी राहिली. मॅडमही तिथेच होत्या.

"सर, राग नका मानू. तुम्ही चुकताय."

मी गारठलेच! आजवर कुणी सरांना असं बोललं नव्हतं.

"फटका फळीच्या वर नको, हा नियम पेनल्टी कॉर्नरच्या पहिल्या फटक्याचा आहे ना? तुम्ही तो सगळ्या खेळाला लावलात. बाकीच्या वेळी वर मारायला कोण अडवतंय? अख्खा वरचा गोल आपण रिकामा सोडतो सर. आणि मीटिंगमध्ये मला तुमच्याविरुद्ध बोलायला सांगितलंय. म्हणून आधी तुम्हालाच सांगितलं."

सर बादलीवरून उठले.  मग मॅडमकडे बघून म्हणाले, "ऐकलंत? मला कंपनीच्या कोचनं शिकवलं, चेंडू जमिनीवर ठेव. मीही तेच धरून बसलो."

"मी तुम्हाला हे दोनदा सांगितलं होतं," मॅडम म्हणाल्या.

"तुम्ही सांगितलंत तेव्हा मी चहा पीत होतो."

"तुम्ही नेहमीच चहा पीत असता!"

संध्या खुदकन हसली, आणि सरही. मग ते जरा केविलवाण्या आवाजात म्हणाले, "पण वर मारलेलं मला ऐकू कसं येणार?"

यावर तोड काढली मॅडमनी. दुसऱ्या दिवशी त्या रंगाचे रिकामे डबे घेऊन आल्या आणि आडव्या दांड्याच्या दोन्ही कोपऱ्यांत सुतळीने लटकावले. चेंडू वरच्या कोपऱ्यात लागला की डबा वाजे, ठणण्! सर पाठ करूनच बसलेले, पण आता सांगायचे, "उजवा डबा. शाबास! जरा आधी उचल."

खरं सांगू? मला ते डबे मुळीच आवडले नाहीत. काल आलेले, गंजके, वाऱ्यानेही वाजायचे. पण महिनाभरात मैदानावर डब्यांचा नुसता बँड सुरू झाला. पोरींचे चेहरे उजळले. ते पाहिलं आणि मीही मुकाट्याने सहन केलं.

मग विभागीय स्पर्धा आल्या. डबे काढून ठेवले. सेमीफायनलला आमच्यासमोर कल्याणची तगडी टीम, गेल्या वर्षीची विजेती. मांडवात पहिल्या रांगेत नरेंद्रभाऊ. सर बाजूच्या रेषेवर उभे; चेंडू गोलजवळ आला की सवयीने मैदानाकडे पाठ फिरवायचे.

पहिल्या हाफमध्ये मी आमच्या बाजूला होते, माझ्यासमोर प्रीती. हाफ संपत आला आणि कल्याणला पेनल्टी कॉर्नर मिळाला: गोलरेषेवरून चेंडू बाहेर ढकलायचा, तो थांबवून गोलवर फटका. त्यांच्या उंच मुलीने सणसणीत फटका हाणला. चेंडू प्रीतीच्या खांद्यावरून वर गेला आणि जाळीत. कल्याणच्या मुली नाचायला लागल्या. मी मात्र गप्प होते. प्रीती हललीसुद्धा नव्हती. ती अंपायरकडे बघून म्हणाली, "मॅडम, फळी वाजली का? पहिला फटका फळीच्या वर आहे."

अंपायरबाईंनी मान हलवली. गोल नाही!

ते शिकवणं सरांचं होतं, वर्षानुवर्षांचं. पेनल्टी कॉर्नरचा फटका वर दिसला तर हात लावायचा नाही, जाऊ द्यायचा. त्याच जुन्या पाठाने आज आम्हाला वाचवलं. आणि पहिल्यांदाच माझं गप्प राहणं कामी आलं.

दुसऱ्या हाफमध्ये बाजू बदलल्या. आता कल्याणची गोलकीपर माझ्यासमोर. शून्य-शून्य. बेलवलीच्या मीनलने उजवीकडून चेंडू आत ढकलला आणि संध्या तो घेऊन एकटीच आत घुसली. गोलकीपरने काय करावं? आमची जुनी कीर्ती तिला ठाऊक! तिने सरळ पॅड आडवे टाकले आणि झोपली.

संध्याने चेंडू उचलला. झोपलेल्या गोलकीपरच्या वरून, जिथे आमच्या टीमने कधी चेंडू पाठवला नव्हता, तिथे. जाळी मागे सरकली. ठक्क नाही, ठणण् नाही, काहीच नाही.

पाठ फिरवून उभे असलेले सर ओरडले, "काय झालं? अडवला?"

"अहो, वळा आधी!" मॅडम किंचाळल्या.

सर वळले. चेंडू जाळीत होता आणि दहा पोरी एकमेकींच्या अंगावर पडल्या होत्या. तिकडून प्रीती आपले अवजड पॅड सावरत, अख्खं मैदान ओलांडून धावत येत होती, "ऊपर! ऊपर!" ओरडत. सरांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि मला वाटतं, मला असते तर माझेही आले असते.

फायनलही आम्हीच जिंकलो, दोन-एक. एक गोल वरून, एक माझ्यावर. माझ्यावरचा इतका जोरात बसला की माझा डावा कोपरा तडकला. चालेल, म्हटलं. आज काहीही चालेल!

कप हातात घेऊन सगळे फोटोसाठी माझ्यासमोर जमले, तेव्हा नरेंद्रभाऊ पुढे आले. "संध्या, मीटिंगमध्ये आता तू काय बोलणार?"

ती म्हणाली, "कोच बदलले पाहिजेत, हेच बोलणार होते साहेब. पण ते आधीच बदलले. माणसं फक्त तीच आहेत."

नरेंद्रभाऊ क्षणभर गोंधळले आणि मग मोठ्याने हसले. मुंबईच्या कोचला त्यांनी आठवड्यातून एकदा यायला सांगितलं, सर आणि मॅडमच्या हाताखाली. तोही गुणी निघाला. सर आता त्यालाच विचारतात, "हे जरा पुन्हा दाखव," आणि पोरींबरोबर रांगेत उभे राहून शिकतात. संध्या पदवी घेऊन नोकरीला लागली, पण रविवारी येते. डबे बांधायचं काम तिचं.

आता दोन हजार नऊ चालू आहे. माझा तडकलेला कोपरा तारेने बांधलाय. रंगाखालून बाणाचं टोक पुन्हा वर आलंय. परवा नरेंद्रभाऊ म्हणत होते, फायबरच्या नव्या फळ्या मिळतात, बसवून टाकू. सरांनी नुसता माझ्यावरून हात फिरवला.

पोरींनो, मला बदलायचं असेल तर खुशाल बदला. मी भंगारातून आले, भंगाराची मला भीती नाही. फक्त पाठीमागे ठरवू नका. संध्यासारखं समोर येऊन उभ्या राहा आणि सांगा, फळीबाई, तुझं हे हे चुकतंय. कोण जाणे, या वयातही मी एखादा नवा आवाज शिकून घेईन.

चला, स्टिका उचला. सर बादलीवर बसलेत, पाठ करून. मारा!