रात्रीचा लोड

एका बॅटरीचं वजन साठ किलो, दुसरीचं बारा. काम दोन्ही सारखंच करतात.

झोपेत बायकोचा श्वास मध्येच थांबतो, म्हणून रात्री ती नाकावर मास्क लावून मशीनच्या हवेवर झोपते. सकाळी गालांवर दोन वळ असतात. दहापर्यंत जातात.

"जा की तुम्ही गाडी घेऊन फिरायला. मलाही घर मोकळं मिळेल." हे ती वर्षभरात तीनदा म्हणाली. तिन्ही वेळा पाठमोरी.

हॉस्पिटलचा जनरेटर सांभाळण्यात एकतीस वर्षं घालवलेला तिचा नवरा घरातही बटण दाबलं की क्षणभर थांबून ऐकतो.

"काका, ऐकताय ना?" दुकानातल्या बॅटरीवाल्या बाईंनी साठ किलोच्या खोक्यावर कोपर टेकलं. "ही पाणी घालायची. स्वस्त, पण निम्मीच वापरायची, नाहीतर लवकर मरते. ही लिथियम. महाग, पण शेवटच्या थेंबापर्यंत देते. ही जड घेतलीत तर काकूंना वाटेत उतरवावं लागेल."

काकू हसल्या नाहीत. दाराशी उभ्या राहून त्या बाहेरच्या गाडीकडे बघत होत्या. जुनी मालवाहू गाडी, तिच्यात वर्षभर खपून नवऱ्याने बिछाना बसवला होता, ओटा, पाण्याची टाकी, छताला खिडकी. आता फक्त वीज उरली होती.

"यादी आणलीय?"

त्याने खिशातून कागद काढला.

फ्रिज – ३०
पंखा – १२
दिवे – ४
पाण्याचा पंप – २
फोन – ३

"एक्कावन्न अँपियर-तास," बाई म्हणाल्या. "रात्रभर चालणारं आणखी काही आहे? तिथेच लोक फसतात."

"नाही. या बॅटरीवर नाही."

बायको आत आली. तिने कागद उचलला, वरून खाली वाचला, मग उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. दर रविवारी मशीनची जाळी धुऊन वाळत घालणारा हाच माणूस. विसरला म्हणावं तरी कसं?

"माझं मशीन?"

"ते यात नाही."

"बरं."

तिने कागद काउंटरवर ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर पक्कड ठेवली आणि गाडीत जाऊन बसली.

बाईंनी कॅल्क्युलेटर बाजूला सारला. "काकू येणार नाहीत?"

"विचारलं नाही अजून."

"वर्षभर गाडी बांधताय आणि विचारलं नाही?"

"नाही म्हणाली असती तर बांधून झाली नसती." त्याने अंगठ्याने टेबलावरची धूळ पुसली. "शंभर अँपियर-तासांची एक लिथियम द्या. आणि एक वेगळी. पन्नासची."

"दीडशेची एकच घ्या ना. वायरिंगही निम्मं होईल."

"ऑपरेशन थिएटरची लाइन वॉर्डाच्या लाइनवर टाकत नाहीत. फ्रिजने रात्री बॅटरी खाल्ली तर दूध नासेल, एवढंच. मशीन बंद पडायला नको. ताशी तीन, आठ तास, चोवीस. दोन रात्री निघतात."

"हे सगळं मला काय सांगताय," बाई म्हणाल्या. "बाहेर सांगा."

पन्नासची बॅटरी सहा किलोची होती. तो ती पोटाशी धरून बाहेर आला. बायको पुढच्या सीटवर बसली होती. दार उघडं होतं. त्याने बॅटरी तिच्या पायांशी ठेवली.

"ही काय?"

"मशीनची. दुसरं काही हिला जोडायचं नाही. मी यादीत धरलं नव्हतं, कारण..." तो अडला. "वेगळी लाइन आहे."

तिने वाकून लेबल वाचलं. सावकाश, औषधाच्या बाटलीवरचं वाचावं तसं.

"आणि मी आलेच नाही तर?"

"तर रिकामी फिरेल."

"सहा किलो उगाच?"

"उगाच."

रस्त्यावरून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. तो दिसेनासा होईपर्यंत दोघंही तिकडे बघत राहिली.

"मला कुणी विचारलंय?"

"आता विचारतोय."

"गाडी झाली, टाकी झाली, बॅटरी पायाशी आणून आपटली. आता विचारताय."

"येशील का?"

तिने पाय जरा बाजूला घेतले, बॅटरीला जागा झाली. मग आरसा स्वतःकडे वळवून गालावरचे वळ गेलेत का ते पाहिलं.

"बघू," ती म्हणाली. "आधी आत जाऊन त्या बाईंचे पैसे द्या."

तो गेला.

गाडीतल्या बारा व्होल्टवर मशीन चालवायची वायर तिने सात महिन्यांपूर्वीच मागवून, खोकं न फोडता, स्वेटरांच्या कप्प्यात ठेवली होती.