भिंगरीच्या हाडांचं काम

आजोबा गवंडी. हयातभर लोकांच्या घरी फरश्या बसवल्या आणि स्वतःच्या घरात मात्र या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गाद्या अंथरल्या. कारण एकच, नात. लाडाचं नाव भिंगरी, आणि पोर चार वर्षांची झाली तरी उभी राहीना. हाडं इतकी मऊ की एकदा नुसतं उचलताना मांडीचं हाड मोडलं होतं. तेव्हापासून म्हाताऱ्याचा जीव टांगणीला.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी रोग समजावला. सगळ्यांचीच हाडं आधी कूर्चेची असतात, कानाच्या कडेसारखी लवचीक. वाढता वाढता त्या कूर्चेत चुना बसतो आणि हाड कडक होतं. "चुन्याला बसू न देणारं एक द्रव्य अंगात असतं," बाई म्हणाल्या. "ते फोडणारं एन्झाइम हिच्यात पुरेसं तयारच होत नाही. ते आपण सुईतून देऊ."

आजोबांना त्यातला फक्त चुना ऐकू आला. चुना कमी पडतोय तर चुना घाला, यात कसली आलीये डॉक्टरकी? त्यांनी गुपचूप कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या आणि दुधात कुटून पाजायला लागले. भिंगरी मरगळली, खाल्लेलं उलटून टाकू लागली. रक्त तपासलं तर कॅल्शियम भलतंच वाढलेलं.

"बाबा, तुम्ही काही देत होतात का हिला?" सुनेनं, म्हणजे भिंगरीच्या आईनं, हळूच विचारलं. म्हाताऱ्यानं मान खाली घालून डबी पुढे केली.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, हेच जास्त लागलं. "आजोबा, दारात मालाचा ढीग पडलाय आणि गवंडीच आला नाही, तर भिंत उभी राहते का? तुम्ही ढीग वाढवलात." आजोबांनी कानाला खडा लावला. मग सून सुई टोचायची तेव्हा ते आपले कान भिंगरीच्या हाती द्यायचे. दुखलं की ती पिरगळायची, अगदी मनापासून.

काही महिन्यांनी एक्स-रे निघाला. गुडघ्याजवळची हाडाची टोकं आधी उंदरानं कुरतडल्यासारखी दिसायची, ती आता भरली होती. आजोबा हरखले. पण बाई म्हणाल्या, "आता गाद्या काढा. कडक जमिनीवर उभी करा हिला. भार पडला की हाड आणखी पक्कं होतं." म्हाताऱ्याचं धाबंच दणाणलं.

आज नको, उद्या बघू, असं करत त्यांनी चालढकल केली. सून एक गादी गुंडाळायला गेली तर हे गादीवरच मांडी ठोकून बसले. "आधी माझी हाडं मोडा, मग गादी काढा."

भिंगरी मात्र भिंतीला धरून उठायची, गादीत पाय रुतायचा आणि कलंडायची. पुन्हा उठायची, पुन्हा तेच. आजोबा बघत राहिले. पोरीचे पाय तयार झालेत आणि तिला पाडतोय तो आपणच, हे त्यांना स्वच्छ दिसलं आणि रडू आलं. डोळे पुसत त्यांनी स्वतःच गाद्या गुंडाळल्या.

भिंगरीनं त्यांची बोटं धरली, उभी राहिली, एक पाऊल टाकलं आणि धपकन खाली बसली. सून जागच्या जागी थिजली. भिंगरी रडली नाही. तिनं दोन्ही तळवे फरशीवर टेकवून पाहिले.

"आजोबा, हे गार आहे."

ती फरशी आजोबांनीच बसवलेली, तिच्या जन्माच्या आधी. पोरीच्या हातापायांना ती आज पहिल्यांदा लागली. भिंगरीनं उठायला हात वर केला, तेव्हा त्यांनी एकच बोट पुढे केलं.