उस्मानने दाखवलेली जागा

रमजानचा सव्विसावा रोजा होता आणि नजीब मेटाकुटीला आला होता. भुकेने नव्हे, तहानेनेही नव्हे; माणसांनी. आखातातल्या बुसैतीनच्या किनाऱ्यावर, दगडांच्या बांधाच्या टोकाशी, जिथे वर्षानुवर्षं तो, उस्मान आणि दोन-चार बगळे एवढीच वस्ती असायची, तिथे आज अठ्ठावीस गळ पाण्यात पडले होते. त्याने मोजले होते. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. कुणी घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या, कुणी सासू आणली होती. एकाने ढळढळीत उजेडात कपाळावर दिवा बांधून ठेवला होता, बहुधा कालचा काढायचा कंटाळा म्हणून. दर दोन मिनिटांनी कुणीतरी गळाचं जड शिसं धपकन पाण्यात फेकी, कुणाची दोरी कुणाच्या दोरीत अडके, आणि मग चार भाषांत भांडण जुंपे.

अशा जत्रेत सुबेती यायची कशी? सुबेती म्हणजे काही टोपलीतला बांगडा नव्हे. हातभर लांब, रुपेरी, जाड ओठांची ही मासळी हिवाळ्यात काठाशी येते आणि मार्च सरला की खोल पाण्यात निघून जाते. स्वभावाने इतकी संशयी की काठावर जरा धसमुसळेपणा झाला तरी दोन दिवस फिरकत नाही. हंगामाचे आता जेमतेम आठ दिवस उरले होते. नजीबकडे तेवढेही नव्हते. त्याच्याकडे फक्त आजची संध्याकाळ होती, कारण उद्या दुपारच्या विमानाने उस्मान कायमचा आपल्या गावी, हर्णैला चालला होता.

उस्मान एसी दुरुस्तीतला, साठी ओलांडलेला, मनामा शहरातल्या एका खोलीत चार जणांबरोबर राहणारा माणूस. एकवीस वर्षांपूर्वी रत्नागिरीहून आलेला नजीब क्लिअरिंग ऑफिसातल्या फायलींपुढे रडकुंडीला येऊन बसला होता, तेव्हा ऑफिसचा एसी बघायला आलेल्या या उस्मानने त्याला गरवायला, गळाने मासे धरायला म्हणून इथे आणलं. आधी शपथ घ्यायला लावली: जागा कुणाला सांगायची नाही, लग्न झालं तर बायकोलाही नाही. तेव्हापासून दर हंगामाला इथली एक सुबेती दोघांनी बसून खायची, हा रिवाज. डोकं उस्मानचं, शेपटाकडची बाजू नजीबची. यंदा गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे उस्मान बांधावर आलाच नव्हता. जानेवारीतच त्याने सांगून ठेवलं होतं, "मना आता दगडावर बसवत नाय. पन जायच्या आदी एकदा खायला घाल. आपल्या जागेची." आणि नजीब छातीवर हात ठेवून इंशाल्ला म्हणाला होता.

मग फेब्रुवारीत तो व्हिडिओ आला. ऑफिसातल्या एकाने मोबाईल नाकापुढे धरला, तर त्यात हाच बांध, हेच टोक, मागे मशिदीचा मिनार, आणि वरून नजीबच्या सतरा वर्षांच्या लेकीचा, लाईबाचा आवाज : "धिस इज माय अब्बाज सीक्रेट स्पॉट." चाळीस हजार लोकांनी पाहिलेलं सीक्रेट. खाली कुणी भल्या गृहस्थाने गाडी कुठे लावायची तेही लिहिलं होतं. नजीबने घरी येऊन एवढंच विचारलं, "ह्यो व्हिडिओ तू काढलास?" ती हो म्हणाली. संपलं. तेव्हापासून पाच आठवडे बापलेकीत मीठ मागण्यापुरतंही बोलणं नव्हतं.

त्या पाच आठवड्यांत नजीबने काय करायचं बाकी ठेवलं? पुलाखाली गेला, तिथून पोलिसाने उठवलं. दुसऱ्या टोकाला गेला, तिथे चार तासांत एक चप्पल लागली, तीही लहान मुलाची. ऑफिसातल्या विनीतच्या ओळखीने होडीतून गेला आणि उलट्या करत परत आला. खाडीकाठी जन्मलेल्या माणसाला होडी लागली, हे विनीतने सगळ्या मजल्याला सांगितलं. बाजारातून एक आणावी आणि जागेवरचीच म्हणून वाढावी, असंही एकदा मनात आलं होतं. पण उस्मानला पहिल्या घासाला कळलं असतं, आणि रोज्यात खोटं बोलल्याचं पाप ते वेगळंच. खरं सांगावं, तर सांगायचं काय? शपथ मी घेतली आणि मोडली माझ्या पोरीने?

आज निघताना मसूदाने, त्याच्या बायकोने, दार अडवलं होतं. "अवो, पोरीला संगं घेऊन जावा. तुमी दोगांनी अशी तोंडं फिरवल्यावर माजा इफ्तारीचा घास उतरत नाय." म्हणून लाईबाही आली होती आणि मागच्या दगडावर हनुवटी गुडघ्यांवर टेकून बसली होती. तिला बघितलं की नजीबचं डोकं आणखी तापे.

सव्वापाच वाजले आणि जत्रा हलू लागली. रोजच हलायची. सूर्य बुडताना मगरिबच्या अजानला मशिदीशेजारच्या तंबूत पंगत बसे. रोजेदार असो की नसो, येईल त्याला बिर्याणी मिळे, आणि उशिरा येणाऱ्याला नुसता भात. त्यामुळे सगळे एकदमच उठत, गळाला लावून उरलेली कोळंबी, माकुळाचे तुकडे, काय असेल ते पाण्यात भिरकावत आणि पळत सुटत. नजीबही रोज याच वेळी आवरी, कारण पूल ओलांडून मनामातलं घर गाठायचं असे.

आजही त्याने आवरलं. हात रिकामे, तोंड कडू. गाडीपाशी आला तर मागे एक पांढरी पिकअप आडवी लावलेली. पुढे भिंत, मागे पिकअप. त्याने हॉर्न वाजवला, हाका मारल्या, टायरला लाथही घातली. मालक बिर्याणीच्या पंगतीत. पाय आपटत तो पुन्हा बांधावर आला आणि पाच आठवड्यांचं साठलेलं सगळं त्याच्या तोंडून एकदम बाहेर पडलं.

"बग! बग तुज्या व्हिडिओचे पावने! घरी जायची पन चोरी झाली. आता रातच्याला उस्मानला काय सांगू? माज्याच पोरीनी तुजी जागा चव्हाट्यावर मांडली म्हनून सांगू?"

"आय डिडन्ट पोस्ट इट," लाईबा म्हणाली.

"तूच बोललीस ना, काढला म्हनून!"

"काढला. टाकला नाही." तिचा आवाज चिरकला. "ते तुम्ही विचारलंच नाही, अब्बा."

मग तिने सांगितलं. व्हिडिओ उस्मानचाचानेच मागितला होता. आपल्याला आता तिथे जाता येत नाही, तर गावी बसून बघायला ती जागा मोबाईलमध्ये दे, म्हणाला. तिने काढला आणि फक्त त्यालाच पाठवला. त्याने तो कौतुकाने हर्णैच्या भावाला पाठवायला घेतला आणि बोट भलत्याच ग्रुपवर पडलं. तिथून कुणीतरी उचलून गाणं लावून जगजाहीर केला. दोन दिवसांनी तोच व्हिडिओ फिरून त्याच्याकडे आला, तेव्हा त्याने लाईबाला फोन केला होता.

"ही वॉज क्रायिंग, अब्बा. म्हणाले, मी जाईपर्यंत नजीबला सांगू नको. ही इज युवर ओन्ली फ्रेंड. तुम्ही भांडला असता."

नजीबने हातातला रॉड दगडावर टाकला. म्हणजे हा थेरडा रोज फोन करून "गावली काय रं?" विचारत होता तो सगळं माहीत असून! आणि आपण त्याच्यापुढे शरमेने मान खाली घालून पुलांखाली, होड्यांत वणवण करत होतो! आत्ता जाऊन त्याची बॅग रस्त्यावर फेकावी, असं त्याला वाटलं. मग लेकीकडे लक्ष गेलं. भांडलो असतो का? असतोच. त्याच्याशी भांडून उरलेले पाच आठवडे तोंड बघितलं नसतं. ते होऊ नये म्हणून ही पोरगी बापाचा अबोला मुकाट सोसत बसली होती. नजीबला स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात अजान झाली. त्याच्या हाताला कोळंबीचा घाण वास येत होता. लाईबाने पिशवीतून खजूर काढला, बी काढून टाकली आणि त्याच्या तोंडात घातला. त्याने बिस्मिल्ला म्हटलं आणि चावता चावता पाण्याकडे पाहिलं.

बांधावर दुसरं चिटपाखरू नव्हतं, आणि काठापासून दहा पावलांवर पाणी हलत होतं. एक वळसा, मग दुसरा, मग एक रुंद रुपेरी कूस उजेडात चमकून गेली. सुबेत्या होत्या. चार तरी. लोकांनी फेकलेलं सावकाश, घरच्यासारखं जेवत होत्या.

म्हणजे त्या गेल्याच नव्हत्या! सव्वीस दिवसांत त्यांनी माणसांचं वेळापत्रक पाठ केलं होतं. पंगत बसली की दगड रिकामे होतात, ताट वाढलेलं असतं, हे त्यांना कळलं होतं. आणि हा खाडीकाठचा शहाणा रोज नेमका त्याच घटकेला पाठ फिरवत होता. नजीबने स्वतःला एक सणसणीत शिवी हासडली. रोजा सुटलेला होता.

शिसं न लावता, नुसत्या गळाला कोळंबी टोचून त्याने दोरी हळूच सोडली. लाईबा श्वास रोखून बसली. दोन मिनिटं गेली असतील. मग रॉड असा वाकला की तो गुडघ्यावरच आला. मासळी दगडांकडे ओढत होती, तो बाहेर ओढत होता. लाईबा सलवार भिजवत पाण्यात उतरली आणि तिनेच ती मिठी मारून वर आणली. दोघं बरबटली, दोघं ओरडत होती, आणि काय ओरडत होती ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

पिकअपवाला ढेकर देत आला. "सॉरी भाई. कुछ मिला?"

"मफी, कुछ नहीं," नजीब टॉवेलात गुंडाळलेलं धूड काखेत घट्ट धरत म्हणाला. "खलास. इधर अब मछली नहीं है."

आठच्या सुमाराला ती सुबेती मसूदाच्या हिरव्या मसाल्यात तळून, तांदळाच्या भाकऱ्यांसह उस्मानच्या खोलीत पोचली. बांधलेल्या खोक्यांमध्ये जागा करून दोघं जमिनीवर बसले, लाईबा खोक्यावर. वाटेत नजीबने उस्मानला सुनावायची वाक्यं जुळवून ठेवली होती. एकाहून एक जहरी. राग अजून जसाच्या तसा होता.

उस्मानने झाकण उचललं आणि बघतच राहिला. त्याने लाईबाकडे पाहिलं, मग नजीबकडे. "आपल्या जागेची?"

"मग कुठली?"

उस्मानचा पुढे केलेला हात ताटावर तसाच थांबला. त्याने तो मागे घेतला. "नजीब, मना तुला एक सांगायचा हाय. मी जायच्या आदी..."

नजीबने माशाचं डोकं मोडून त्याच्या भाकरीवर ठेवलं. मग गालाकडचं मांस बोटांनी सोडवलं, एकेक काटा काढून बाजूला केला आणि घास त्याच्यापुढे धरला.

"गप खा," तो खेकसला. "मासा खाताना बोलू नये. काटा अडकंल."